कासु उडोन: चव सांगते, पत्ता नाही

जपानीत 'कासु' म्हणजे चोथा. उडोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानाच्या दारावरच्या कापडी पडद्यावर हा शब्द एवढ्या ठसठशीत अक्षरात रंगवलेला पाहून आधी हसले, मग आत शिरले. ओसाकाच्या दक्षिणेला, मिनामी-कावाची भागात. आठ खुर्च्या, एक आजी, त्यांचा मुलगा. वाडगा 800 येन.

हा चोथा म्हणजे अबुराकासु: गाईबैलाचं लहान आतडं, स्वतःच्याच चरबीत तळत ठेवलेलं. चरबी सुटून विकायला जायची, उरलेला कडक तपकिरी चोथा घरी खायला. कोम्बू (समुद्री शेवाळ) नि कात्सुओच्या (सुकवलेल्या माशाच्या) पातळ सुपात, जाड शेवयांवर हे तुकडे पडले की बघता बघता तवंग येतो. पहिले घोट माशाचे, शेवटचे निव्वळ चरबीचे. तुकड्याची कड कुरकुरीत, आतून चिवट. वरून कांद्याची पात. शेवया मात्र जास्त शिजल्या होत्या, अर्धा गुण तिथे कापला. जोडीला साइबोशी घ्याच: मीठ लावून वाळवलेलं घोड्याचं मांस. आपल्याकडच्या दलित वस्त्यांतल्या चान्या, उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, आठवल्या आणि घास जरा वेळ तोंडातच राहिला.

हे खाणं बुराकु वस्त्यांचं, म्हणजे जपानात अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्त्यांचं. मेलेली जनावरं ओढणारे, कातडी कमावणारे, त्यांना एदो काळात (1603 ते 1868) 'एता', म्हणजे 'घाणीने भरलेले', म्हणत. 1871च्या फर्मानाने तो शिक्का पुसला म्हणायचा, पण पुढच्याच वर्षीच्या कुटुंब-नोंदवहीत कित्येकांपुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा पडला. त्या वह्या इतरांना बघायला बंद झाल्या 1968 साली!

आजींना विचारलं, कुणाकडून शिकलात? "सासूबाईंकडून. तेव्हा हे खातो म्हणून बाहेर सांगायचं नसे." आता ओसाका शहरात रात्री दारू पिऊन निघालेले साहेब लोक शेवटी हेच खायला बसतात.

दुकानाचं नाव का देत नाही? 1975 साली उघडकीला आलं की बुराकु वस्त्यांचे पत्ते छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती, आणि नोकरीला आलेल्यांची पारख करायला मोठमोठ्या कंपन्या ती घेत होत्या. तसल्या याद्या पुढे इंटरनेटवरही आल्या. त्यात माझ्या नकाशाची भर नको.

ओसाका शहरात कासु उडोनची दुकानं सहज सापडतील. तुकडे वेगळ्या बशीत मागून घ्या, सुपात लवकर मऊ पडतात. साइबोशी मिळेलच असं नाही.