टॅबवर पानाचं नाव येईना: हेडर की फंक्शन्स?

खानापूरच्या एका वाचनालयाची वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट मी सांभाळतो. थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा फाइलींचा संच, बदलली आणि ब्राउझरच्या टॅबवर 'दिवाळी अंक आले' ऐवजी नुसता लांबलचक पत्ता दिसायला लागला.

जुना उपाय म्हणजे थीमच्या हेडर फाइलीत (प्रत्येक पानाचा वरचा भाग) टायटल टॅग, म्हणजे टॅबवर दिसणारं नाव सांगणारी ओळ, हातानं लिहायचा. दोन मिनिटांचं काम. पण आत वाचनालयाचं नाव टाकून मोकळे झालात तर सगळ्या पानांना तेच नाव. निपाणीच्या तंबाखूवरचा लेख असो की बेळगावी कुंद्याची कृती, गूगलला काय कळणार?

दुसरा उपाय थीमच्या फंक्शन्स फाइलीत (थीमला काय काय जमतं ते सांगणारी फाइल) 'टायटल-टॅग' थीम सपोर्टची एक ओळ. वर्डप्रेसच्या २०१४ च्या ४.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. मग लेख, वर्गवारी, शोध, अगदी ४०४ चं ('पान सापडलं नाही' सांगणारं) पानसुद्धा, ज्याचं त्याचं नाव वर्डप्रेस स्वतः लावतं. फक्त हेडरमध्ये 'डब्ल्यूपी हेड'चा कॉल हवा, त्याच जागी वर्डप्रेस हे नाव घालतं.

मी दुसराच धरला, तोही चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या, आपले बदल वेगळे ठेवणाऱ्या थीममध्ये. मूळ थीममध्ये लिहिलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं. पहिला उपाय करून पाहिला असेल तर हेडरमधली ती ओळ मात्र आधी काढा. मी विसरलो, आणि पेज सोर्स (पानामागचा कोड) उघडून बघतो तर एकाखाली एक दोन टायटल!