बिल नव्या बुशचं, गाडीत बुश जुनेच

यूकेत आपल्यातले बरेच जण हौसेनं जुनी माझदा एमएक्स-५ घेतात. दोन सीट, उघडणारं छत, रिअर व्हील ड्राइव्ह आणि खिशाला झेपणारी किंमत. माझी २००३ ची आहे, १.८ इंजिनाची. तिच्या मागच्या सस्पेन्शनच्या नावाखाली कोव्हेंट्रीकडच्या एका गॅरेजवाल्यानं मला १,४६० पौंडांना चुना लावला. पैसे परत मिळाले. तरीही सगळं लिहितोय, कारण ही युक्ती कुठल्याही जुन्या गाडीवर चालते.

तक्रार साधी होती. डावं मागचं चाक एकटंच खड्ड्यातून किंवा गटाराच्या झाकणावरून गेलं की मागून टक-टक आवाज. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर काही नाही. वळणावर गाडी एका अंगावर रेलली की तेव्हाही गप्प. थोडीफार जाण असलेले इथेच म्हणतील, अँटीरोल बारची (दोन्ही चाकांना जोडणारा, एकच चाक उचललं की पिळला जाणारा दांडा) ड्रॉप लिंक, म्हणजे त्याला चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी कडी, ढिली झालीये. आधीच्या एमओटीत (गाडीची इथली सक्तीची वार्षिक तपासणी) टेस्टरनं हीच सूचना लिहून ठेवली होती आणि तो कागद मी गॅरेजवाल्याला दाखवलाही होता.

त्यानं कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. गाडी लिफ्टवर चढवली, मला खाली बोलावलं आणि हातभर लांब पहार विशबोनच्या (चाकाला गाडीशी जोडणारा सस्पेन्शनचा हात) फटीत घालून जोर लावला. तिथल्या सांध्यातला बुश, म्हणजे धक्के झेलणारी रबराची गादी, हलला. "बघा, सगळं संपलंय. चाक निखळलं तर?" आता बुश रबराचा, पहारीनं रेटला तर हलणारच. हलण्यासाठीच तो तिथे बसवलेला असतो. शिवाय लिफ्टवर चाकं लोंबकळत असतात, त्यामुळे रबर पिळलेलं दिसतं आणि वरच्या बारीक भेगा उघडतात. बघणाऱ्याला धडकी भरायला एवढं पुरतं. सुरक्षिततेचा विषय काढला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

ठरलं ते असं: मागचे सगळे बुश काढून पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे, म्हणजेच पॉलीबुश) बसवायचे आणि चारही चाकांचं अलाइनमेंट करायचं. २०० पौंड आगाऊ मी क्रेडिट कार्डानं दिले. उरलेल्यांसाठी तो म्हणाला, बँकेत ट्रान्स्फर करा, थोडं कमी करतो. गाडी सकाळी दिली, त्याच संध्याकाळी तयार. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला.

आवाज होता तिथेच होता. फोन केला की उत्तर ठरलेलं: पॉलीबुश नवे असताना कुरकुरतात, बसायला वेळ लागतो. यात अर्धं खरं आहे. ग्रीस न लावता बसवलेले पॉलीबुश कुरकुरतात. पण कुरकुर वेगळी आणि टक-टक वेगळी.

त्या उन्हाळ्यात सासरे इकडे आले होते. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात त्यांची उभी हयात गेली. आवाज ऐकून त्यांना राहवेना. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन ते आडवे झाले. थोड्या वेळानं आतून हाक आली, "जावईबापू, इकडं या. ह्या बोल्टाला पाना लागलेलाच नाही."

मागच्या खालच्या विशबोनला हबशी (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारा एक लांब बोल्ट असतो. एमएक्स-५ वाल्यांमध्ये तो बदनाम आहे, कारण बुशच्या आतल्या नळीत गंजून असा बसतो की पुष्कळदा कापूनच काढावा लागतो. माझ्या गाडीत त्याच्या डोक्यावर गंजाचा पापुद्रा अख्खा होता. पाना लागला असता तर आधी तोच उडाला असता. अलाइनमेंट ज्या कॅम बोल्टनी होतं, तेही तसेच, वॉशरसकट गंजानं चिकटलेले. आणि बुश? काळ्या स्प्रेनं रंगवलेले. सासऱ्यांनी नखानं खरवडलं तर खाली भेगाळलेलं जुनं रबर निघालं. स्प्रेचे शिंतोडे ब्रेकच्या होजवर उडाले होते, एवढीही काळजी घेतलेली नव्हती. डाव्या ड्रॉप लिंकचा बॉल जॉइंट मात्र हातानं खुळखुळत होता. दोन्ही बाजूंच्या नव्या लिंक मिळून पस्तीस पौंडांना आल्या, त्या घातल्या आणि आवाज बंद.

तुमच्या गाडीत असा आवाज असेल तर आधी डिकी रिकामी करा. या गाडीत बॅटरी डिकीत असते, जॅकही तिथेच. यातलं काही सैल असेल तरी असाच आवाज येतो. मग दोन्ही मागच्या ड्रॉप लिंक एका टोकानं सोडवा, केबल टायनं बाजूला बांधा आणि घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा. आवाज गेला तर दुखणं लिंकचंच.

पैशांचं असं झालं. दुसऱ्या गॅरेजकडून फोटोंसह लेखी रिपोर्ट घेतला. पहिल्याला कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ चा हवाला देऊन पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं की गाडी नेताना ग्राहक समाधानी होते. मग कार्डाच्या बँकेकडे कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ च्या कलम ७५ खाली दावा केला. १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या किमतीच्या वस्तू-सेवेसाठी हे कलम लागू होतं. आगाऊ रक्कम कार्डानं दिली असली तरी कार्ड कंपनी पूर्ण रकमेला बांधील असते, बाकीचे पैसे कसे का दिलेले असोत.  बिल, ट्रान्स्फरची नोंद, रिपोर्ट आणि एमओटीचा कागद जोडला. बँकेनं बरीच पत्रापत्री करून पूर्ण रक्कम दिली. बँक अडली असती तर स्मॉल क्लेम्सचा (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) मार्ग होता, इंग्लंडमध्ये १०,००० पौंडांपर्यंत तिथे वकिलाशिवाय जाता येतं.

बुश जुने झालेत हे खरंच आहे, पुढेमागे बदलावे लागतील. रिपोर्ट देणाऱ्या गॅरेजकडूनच कोटेशन घेतलंय. काम दोन दिवसांचं सांगितलंय. रबराचे बुश घातले तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असेल, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं, हेही त्यानं आपणहून सांगितलं. लांब बोल्ट अडकला तर कापण्याचे आणि नव्या बोल्टचे पैसे वेगळे, अशी त्यात एक ओळ आहे. पहिल्याच्या बिलात बोल्टचा उल्लेखच नव्हता.