माद्रिदहून एक दिवस: तोलेदो की सेगोविया?

माद्रिदमध्ये एक दिवस मोकळा आहे, गाइड नको, आपलं आपण पायी फिरायचंय; मग जवळच्या जुन्या गावांपैकी तोलेदो की सेगोविया, असं एका मैत्रिणीने विचारलं. वेगवान गाडीने दोन्हीकडे साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. तोलेदोच्या स्टेशनवरून चालत अल्कांतारा पूल ओलांडला की जुन्या गावाचा चढ लागतो. सेगोवियाचं वेगवान गाडीचं स्टेशन मात्र गावाबाहेर, तिथून बस पकडावी लागते.

वाट सापडायला सेगोविया सोपं. सुमारे २८ मीटर उंच रोमन जलसेतूपासून निघायचं, मुख्य रस्त्याने कॅथेड्रल, पुढे अल्काझार हा किल्ला. चुकायला जागाच नाही. तोलेदोतल्या गल्ल्यांत फोनवरचा नकाशाही गोंधळतो. पण काय काय आहे तिथे! दोन जुनी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), ९९९ सालची छोटीशी मशीद, १२२६मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल, सांतो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं भलंमोठं चित्र. सगळं एकाच टेकडीवर.

खर्च तोलेदोत जास्त, कारण बहुतेक ठिकाणी वेगळं तिकीट. बऱ्याच वास्तूंसाठी एकत्रित तिकीट म्हणून मनगटावर बांधायचा पट्टा मिळतो, पण कॅथेड्रल त्यात नाही. सेगोवियाचा जलसेतू फुकट, आणि चुन्याशिवाय रचलेले ते दगड मी तरी मान दुखेपर्यंत बघेन.

आईबाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील, वेळ अर्धाच दिवस असेल, तर सेगोविया. गुडघे धड असतील, इतिहासाची ओढ असेल आणि अख्खा दिवस हाताशी असेल, तर तोलेदो. फक्त सोमवार टाळा: तिथल्या दोनपैकी एक सिनेगॉग आता संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं.