राजारामपुरीतली भाड्याची लायब्ररी आणि नवऱ्याला सोडून आलेल्या बायकांच्या दोन फळ्या

इंग्लिश पेपरबॅक भाड्यानं देणारी लायब्ररी कोल्हापुरात अजून चालू आहे हे माझ्या पुण्याच्या बहिणीला पटतच नाही. आहे, राजारामपुरीत आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण लायब्ररी चालवणाऱ्या काकूंनी दम दिलाय की नेटवर नाव टाकलंस तर तुझं डिपॉझिट जप्त. मेन रोडवर नाही, आतल्या गल्लीत, खाली झेरॉक्सवाला आणि वर लायब्ररी, जिना अंधारा आहे सांभाळून जा. डिपॉझिट 500, महिन्याला 150, एका वेळी दोन पुस्तकं. मराठीसाठी इथं जाऊ नका, त्याला करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासूनचं, तिथल्या संग्रहापुढं हे म्हणजे काहीच नाही.

इथं जायचं ते डाव्या भिंतीच्या कपाटासाठी. सगळं रोमँटिक सस्पेन्स. त्यातल्या दोन फळ्या काकूंनी वेगळ्या काढल्यात आणि पट्टीवर स्केचपेननं लिहिलंय 'सुटलेल्या'. म्हणजे मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून निघालेली बाई, नवं गाव, तिथं भेटलेला बरा माणूस, आणि मागावर जुना नवरा. एवढाच साचा, पण त्यात इतके प्रकार आहेत की काय सांगू. हार्लेक्विन या प्रेमकथा छापणाऱ्या कंपनीनं 1984 ला इंट्रीग म्हणून मालिका काढली, प्रेम आणि गुन्हा एकत्र, त्यातली ढिगानं पडलीत, पातळ, दोन बैठकीत संपणारी, आणि खरं सांगायचं तर बरीचशी टुकार.

टुकार का, तर तो नवा माणूस. तो कायम शेरीफ नाहीतर मिलिटरीतून आलेला, खांदे दाराएवढे, आणि तिसऱ्या प्रकरणात तिला सांगायला लागतो की एकटी बाहेर जाऊ नकोस, फोन माझ्याकडं दे, मी सांगेन तेव्हाच दार उघड. अहो मग पहिला वेगळं काय करत होता? लेखिकेला वाटतंय हे प्रेम आहे, आणि तुमच्या-माझ्यासारखीला वाचताना पोटात गोळा येतो तो व्हिलनमुळं नाही, हिरोमुळं. असं पुस्तक मी तिथंच ठेवते. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "तुला कुणीच आवडत न्हाई बघ."

या फळीवरचं बऱ्यापैकी प्रसिद्ध म्हणजे नॅन्सी प्राइसचं 'स्लीपिंग विथ द एनिमी', 1987 चं. यावरचा ज्युलिया रॉबर्ट्सचा पिक्चर 1991 ला आला आणि मग आपल्या लोकांनी 95-96 मध्ये त्याच गोष्टीवर याराना, अग्निसाक्षी, दरार असे तीन पिक्चर काढले, दोनात तर नवा माणूस ऋषी कपूरच. लक्षात कोण राहिला, तर अग्निसाक्षीतला नाना, त्याला नॅशनल अवॉर्डपण मिळालं. म्हणजे नवरा भारी रंगवायचा आणि नव्याला नुसता स्वेटर घालून उभा करायचा ही खोड सगळीकडं आहे. इंग्लिश पिक्चरमधली एक गोष्ट मात्र मानली, ती नव्या घरात स्वयंपाकघराचं कपाट उघडते आणि आतले सगळे डबे एका रेषेत, लेबलं पुढं, जसं जुन्या नवऱ्याला लागायचं तसं. तो घरात येऊन गेलाय. कुणी हात उगारलेला नाही काही नाही आणि तरी घाम फुटतो.

चांगली पुस्तकं ओळखायची माझी खूण म्हणजे मधली शंभर पानं. पळून आल्यावर आणि प्रेमात पडायच्या आधीची. भाडं कुठनं आणते, नोकरीला कागद काय दाखवते, रात्री कुलूप कितीदा बघते, दुकानात वस्तू निवडताना तिला कळतच नाही की आपल्याला स्वतःला काय आवडतं. हे ज्यात नीट आहे ते घ्या, मग हिरो कसाही असूदे. आत्ता नेलं होतं त्यात बाई घरखर्चातनं नोटा बाजूला काढून पिठाच्या बरणीत ठेवते, तर त्या ओळीच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'पिठात नको, चाळताना सापडतात. तुरडाळीत.' आता हे राजारामपुरीतल्याच कुणीतरी लिहिलंय ना! काकूंना दाखवलं, त्या म्हणाल्या खोडू नकोस.

एक गोष्ट मात्र आपल्याकडं जुळत नाही. तिकडची बाई उठते, हजार मैल गाडी हाणते, नाव बदलते, संपलं. इथं कोल्हापुरातनं निघून सांगलीला गेलं तरी स्टँडवर आत्याच्या जावेची बहीण भेटणार आणि संध्याकाळपर्यंत सासरी फोन. आणि गंमत म्हणजे आपल्या 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात पळायला सांगितलेलंच नाही, कलम 17 नं बाईला त्याच घरात राहता येतं, घर तिच्या नावावर नसलं तरी, आणि कलम 19 खाली कोर्ट नवऱ्यालाच बाहेर जा म्हणू शकतं. संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत जेल नाहीतर 20,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बघा, ऑर्डर हातात, घर तेच, सासू शेजारच्या खोलीत, आणि ऑफिसातला एक साधा माणूस जो विचारल्याशिवाय घरी सोडायलासुद्धा येत नाही. याच्यावर कुणीतरी मराठीत लिहा की! मी दोन्ही हातांनी विकत घेईन, भाड्यानं नाही.

बाकी सर्व्हिस चांगली. दुपारी एक ते पाच बंद, तेव्हा जाऊन शिव्या खाऊ नका. उशिराचा दंड काकूंच्या मूडवर, पुस्तक आवडलं म्हणालात तर माफ. यूपीआय चालतं पण स्कॅनर खाली झेरॉक्सवाल्याकडं आहे, त्यामुळं पैसे भरून परत वर यायचं. पंखा एकच आणि तो काकूंच्या बाजूला. पाचपैकी चार स्टार देते, एक कापला कारण जुन्या पुस्तकांची शेवटची पानं कधी कधी गायब असतात, आणि तक्रार केली तर काकू काऊंटरवरनंच मोठ्यानं शेवट सांगून टाकतात, तेव्हा तेच पुस्तक तुमच्या मागं लाईनीत उभ्या असलेल्या बाईच्या हातात असलं तरी.