स्पोर्ट टूरिंग गाडी, खारा वारा आणि वॉरंटीतलं गंजाचं कलम

गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल. अकरा महिने, १२,००० किलोमीटर आणि मधे एक अख्खा पावसाळा. वापर रत्नागिरी–जयगड पट्ट्यात, महिन्यातून एकदोनदा आंबा घाट. सीट, विंडस्क्रीन, मायलेज याबद्दल तक्रार नाही. दिवसभर चालवूनही मनगटं आणि कंबर धरत नाही, टूरिंगच्या गाडीकडून तेच हवं असतं. लिहायचं आहे ते एका लहानशा भागाबद्दल: साइड स्टँडचा स्विच.

लक्षण असं. न्यूट्रलमध्ये गाडी लगेच सुरू होते, पहिला गिअर टाकला की बंद. स्टँड वर असतो, पण स्विच तो खाली असल्याचं सांगत राहतो, म्हणून इंजिन थांबवलं जातं. स्विचची जागाच वाईट आहे. इंजिनाच्या खाली, डाव्या बाजूला, पुढचं चाक पाणी उडवतं तिथे. आपल्याकडे त्या पाण्यात जांभ्याची लाल माती असते आणि किनाऱ्यालगत मीठही. मातीने प्लंजर (स्विचमधली आत-बाहेर होणारी दांडी) अडकतो, मिठाने कपलरमधल्या (वायर जोडायच्या प्लगमधल्या) पिनांवर हिरवा थर चढतो.

तपासायला हत्यारं लागत नाहीत. गाडी मेन स्टँडवर किंवा कुणाकडून तरी सरळ धरून घ्या. साइड स्टँड हाताने दहाबारा वेळा वर-खाली करा, स्विच साध्या पाण्याने धुऊन वाळू द्या, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. एवढ्याने गाडी गिअरमध्ये चालू राहिली तर प्लंजर अडकला होता. नाहीच राहिली तर कपलर उघडून पिना बघा. रस्त्यावरचा मेकॅनिक वायर कापून थेट जोडून देतो आणि गाडी पाच मिनिटांत चालते. ते करू देऊ नका. स्टँड खाली राहिला आणि डाव्या वळणावर टेकला तर गाडी फेकली जाते. शिवाय कापलेली वायर दिसली की वायरिंगचा क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर होतं, ‘समुद्राकाठची गाडी आहे, गंज वॉरंटीत बसत नाही.’ सुरुवातीला ते पटलं, कारण पुस्तिकेत गंजाचं कलम खरंच आहे. पण नीट वाचल्यावर मत बदललं. ते कलम रंग, क्रोम, नट-बोल्ट, डिस्क यांच्या ओघात येतं. इलेक्ट्रिकल स्विच मात्र कव्हर असलेल्या भागांच्या यादीत स्वतंत्र आहेत. पहिल्या जॉब कार्डावर (सर्व्हिस सेंटर काम नोंदवतं तो कागद) तक्रार म्हणून ‘स्विच गंजला’ असं लिहिलं गेलं आणि क्लेम तिथेच मेला. दुसऱ्या वेळी ‘स्टँड वर असताना गिअर टाकल्यावर इंजिन बंद पडतं’ असं लिहून घेतलं, नकार असेल तर कारण लेखी मागितलं, आणि स्विच बदलून मिळाला. जॉब कार्डावर लक्षण लिहायचं. कारण शोधणं त्यांचं काम आहे.

लेखी नकार हाती असला तर पुढची वाटही मोकळी राहते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

आता पैशांकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के आणि त्यावरच्या दुचाकीला ४० टक्के जीएसटी आहे. नव्या गाडीचा ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्यावर १५,११७ रुपये, अधिक कर. सागरी महामार्गाची वळणं आणि घाट यांत जास्तीची ताकद फार क्वचित वापरली जाते. त्यामुळे माझा कौल ३५० सीसीच्या आतल्या गाडीला. वाचलेल्या पैशांतून विम्यात झिरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिनात पाणी गेल्याचं संरक्षण, दोन्ही घ्या. पाणी साचलेल्या रस्त्यात इंजिन पाणी ओढून बसलं तर वॉरंटी कामाची नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? आधी वाटायचं, पैसे वाया. आता म्हणेन, घ्या, पण तिच्या यादीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), स्टेटर (वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर (चार्जिंग सांभाळणारा), मीटर कन्सोल आणि स्विच आहेत का ते बघून. फक्त इंजिन-गिअरबॉक्स असेल तर इथे तिचा उपयोग थोडा. खारा वारा आधी वायरिंगलाच धरतो. फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) सील, चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड सहसा कुठल्याच यादीत नसतात. अजून एक गोष्ट: सर्व्हिसची अट किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते. पावसाळ्यात चार महिने गाडी झाकून ठेवणाऱ्यांची महिन्यांची तारीख नेमकी तेव्हाच उलटते.

सांभाळायचं असं. आरे-वारेच्या रस्त्यावरून किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीने आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी नको, त्याने मीठ वाढतंच. प्रेशर वॉशर कपलर, व्हील बेअरिंग आणि रेडिएटरच्या जाळीवर धरू नका. ओली गाडी कव्हरखाली ठेवू नका. चेन पावसात दर ३०० किलोमीटरला, एरवी ५०० ला केरोसीनने पुसून लूब लावा. पेट्रोल नको, चेनमधल्या ओ-रिंग (रबरी कड्या) फुगतात. फोर्कच्या नळीवर गंजाचा ठिपका उठला तर तो लगेच घालवा, नाहीतर सील फाटून ऑइल गळतं. पावसाआधी सीट आणि टाकीखालचे कपलर उघडून रबर सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. पिना ग्रीसने भरून टाकू नका.

खरेदीच्या वेळी शोरूममध्ये वाकून साइड स्टँडचा स्विच बघा. उघडा प्लंजर आहे की बंद, चुंबकावर चालणारा सेन्सर, हे विचारा. आणि बदलून मिळालेल्या भागाची वॉरंटी वेगळी सुरू होते, की गाडीच्या वॉरंटीबरोबरच संपते, हेही लेखी घ्या. माझ्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ती गाडीबरोबरच संपते.