सिटीला लाँच लिमिटर : डबा ठीकठाक, वायरिंग झकास

लाँच लिमिटर म्हणजे गाडी जागेवरून जोरात निघताना इंजिनचा वेग बांधून ठेवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा. डब्याला पाचपैकी तीन, तो बसवणाऱ्याला साडेचार.

गाडी २०११ ची होंडा सिटी. दीड लिटरचं आय-व्हीटेक इंजिन, ११८ पीएस, पाच गिअर, मॅन्युअल. मुळात बाबांची, आता माझी, पण पेट्रोल भरायचं असलं की माझी आणि लग्नाला जायचं असलं की त्यांची. मी पिथमपूरला एका कारखान्यात दिवसभर कंट्रोल पॅनेलच्या तारा तपासते, त्यामुळे गाडीत तारा कशा जोडल्यात याकडे माझं जरा जास्तच लक्ष जातं. पिथमपूरला २०२१ मध्ये नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सुरू झाला, तेव्हापासून आमच्या इंदूरच्या गाडीवेड्यांच्या अंगात जे वारं शिरलंय, ते माझ्याही अंगात आहे.

लाँच लिमिटर करतो एवढंच, की क्लच दाबलेला असेपर्यंत इंजिनला एक दुसरी, खालची मर्यादा घालतो. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा, सुई ३८०० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाच्या इतक्या फेऱ्या) थरथरत उभी राहते. क्लच सुटला की मर्यादा उठते. दर वेळी पायाने अंदाज घ्यायची कटकट संपते. ताकद मात्र रत्तीभर वाढत नाही. कोणी वाढते म्हणून विकत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

डबा ऑनलाइन मागवला, साडेचार हजारांच्या आत. त्यातून कॉइलसाठी (प्लगला ठिणगी पाडायला वीज देते ती) चार तारा आत आणि चार बाहेर, पण सोबतच्या कागदावरची आकृती डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या गाडीची, जिथे सगळी मिळून एकच कॉइल असते. सिटीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. तिला तीन तारा: बारा व्होल्ट, अर्थ आणि ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडून, येणारा सिग्नल. इग्नायटर, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारा स्विच, कॉइलच्या पोटातच. आकृतीप्रमाणे 'कॉइलचा मायनस' शोधत बसलात तर संध्याकाळ होईल. दोन गुण इथेच गेले.

आधी एका गॅरेजमध्ये विचारलं. तिथे सुचवलं की चारही कॉइलचा बारा व्होल्ट एका रिलेवर (विजेने चालणारा स्विच) घेऊ, क्लच आणि आरपीएम जुळले की रिले पाडू. स्वस्त पडलं असतं. पण कॉइल भरत असताना मधेच करंट तोडला, तर ठिणगी त्याच क्षणी पडते. पिस्टन अजून वर येत असतो आणि ठिणगी वेळेच्या आधी. शिवाय सेकंदाला कित्येकदा तोड-जोड करायची म्हणजे रिलेचे पॉइंट किती दिवस टिकणार? नीट डबा सिग्नलच्या तारेवर काम करतो आणि कॉइल रिकामी असतानाच पुढचा सिग्नल अडवतो. हा डबा तसं करतो, म्हणून त्याला तीन तरी दिले.

मग एका ओळखीच्याने सरवटे बसस्टँडजवळ, छोटी ग्वालटोलीच्या गल्लीतल्या चाचांकडे पाठवलं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच हात जोडून सांगितलंय: "नाम मत लिखना बेटा, लड़के पटाखे बजवाने आ जाएँगे." सायलेन्सरमधून फटाके काढून देणं हे काम ते घेत नाहीत.

चाचांनी आधी गाडीची वायरिंग आकृती छापून आणायला लावली. टेस्ट लॅम्प हातात घेतलाच नाही. तो दिवा जास्त करंट ओढतो आणि ईसीयूच्या आउटपुटला ते झेपेलच असं नाही. मल्टिमीटर आणि खिशात मावेल एवढा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. एका कॉइलच्या सिग्नलवरून डब्याला आरपीएम दिला. इथे भले भले फसतात: अशा गाडीत एक कॉइल इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटते. डब्याचे छोटे स्विच चार सिलिंडरच्या एकाच कॉइलला लावलेले राहिले, तर तो खऱ्याच्या चौथाई आरपीएम वाचतो आणि मर्यादा कधी येतच नाही. चाचांनी ईसीयू वाचणारा स्कॅनर लावून आयडलचे दोन्ही आकडे, ईसीयूचा आणि डब्याचा, शेजारी शेजारी जुळवले, मगच पुढे गेले.

जोड सगळे सोल्डर करून वर हीट-श्रिंक. तारेला चावणाऱ्या निळ्या क्लिपा कुठेही नाहीत. डब्याची अर्थ कॉइलची अर्थ जिथे आहे तिथेच. सप्लाय इग्निशनवरून, मधे तीन अँपिअरचा फ्यूज. अॅक्सेसरीवरून घेतला असता तर सेल्फ मारताना तो तुटला असता. आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक बायपास प्लग: डबा काढायचा, प्लग खोचायचा, गाडी कंपनीतून आली तशी. सर्व्हिसिंगला देताना मी हेच करते.

खरी करामत क्लच स्विचची. माझ्या पेडलला कामाचा स्विच नव्हता, म्हणून त्यांनी ब्रेकलाइटचा साधा प्लंजर स्विच पट्टी वेल्ड करून बसवला. पण तो कुठे मिटतो आणि कुठे सुटतो, यावर सगळा खेळ. पेडलच्या अगदी वर लावला, तर क्लच धरायला लागल्यावरही मर्यादा चालूच राहते, आणि ऐन निघताना गाडी गुदमरते. अगदी तळाशी लावला, तर क्लच धरायच्या आधीच मर्यादा उठते, आरपीएम भसकन वर जातो आणि टायर जागेवर फिरतो. चाचा ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालून आडवे, मी पेडलवर. "छोड़ो... धीरे... बस! यहीं पकड़ता है?" असं करत क्लच धरतो त्याच्या जेमतेम खाली स्विच सुटेल इतका नट त्यांनी फिरवला, लॉकनट आवळला आणि वर नेलपॉलिशचा ठिपका दिला. नट हलला तर ठिपका तुटलेला दिसतो.

डॅशखाली मुख्य स्विच आणि लाल दिवा, तोही त्यांच्याच आग्रहाने. उद्या क्लच स्विच अडकला आणि एबी रोडवर भेरूघाटात ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी ३८०० च्या वर जाईना झाली तर? म्हणून रस्त्यावर डबा बंद, कायम.

अर्धा गुण कापला तो फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) तारा आणताना तिथल्या रबरी ग्रोमेटला, म्हणजे भोकातल्या रबरी बुचाला, पाडलेल्या भोकासाठी. सील केलं नव्हतं. पहिल्याच पावसात पायाखालचा गालिचा ओला. सिलिकॉन मी स्वतः भरलं.

आता गाडी कशी निघते? मित्रांनी भाड्याने घेतलेल्या बंद पट्टीवर दर वेळी जवळपास सारखीच निघते, आणि मला तेवढंच हवं होतं. १७५/६५ आर १५ च्या टायरवर ४२०० ला नुसता धूर, ३८०० ला पकड. नवे चांगले टायर घेतले असते तर वेळेत याहून जास्त फरक पडला असता, हेही खरं. ठिणगी अडवली तरी पेट्रोल आत जातच राहतं. ते जळतं एक्झॉस्टमध्ये, आणि त्या उष्णतेने धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतो. जास्त वेळ धरलं की चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, ती धोक्याची खूण. तीन सेकंदांच्या वर धरू नका, हा चाचांचा नियम. बाबांनी आवाज ऐकला आणि विचारलं, "गाडीला उचकी लागलीय का?"

इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता रिकामा दिसतो म्हणून तिथे हे करू नका. रस्त्यावरच्या शर्यतीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही.

मजुरी डब्याच्या किमतीएवढीच पडली. चाचा फोन उचलत नाहीत, सकाळी अकराच्या आत जाऊन भेटा. वायरिंग आकृती छापून न्या, आणि ग्रोमेट सील करायला आठवणीने सांगा.