एमपी३टॅग, काही महिन्यांच्या वापरानंतर: गाडीत कव्हर दिसत नसेल तर आधी जेपेग तपासा

कॅसेट आणि एलपीवरून उतरवलेल्या गाण्यांना कव्हर लावायला एमपी३टॅग वापरतोय. गाण्याच्या फाइलमध्येच नाव, गायक, कव्हर अशी माहिती (टॅग) भरणारं हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे आणि या कामासाठी पैसे मोजून दुसरं काही घ्यायची अजिबात गरज नाही. आज लिहायचं कारण गाडीतला स्टिरिओ. फोनवर, लॅपटॉपवर कव्हर झकास, गाडीत मात्र नुसता करडा चौकोन. सर्व्हिस सेंटरने 'फाइल करप्ट आहे' म्हणून हात झटकले. फाइल ठणठणीत होती. कव्हरचं चित्र प्रोग्रेसिव्ह जेपेग होतं. जेपेग (जेपीजी) चित्रं बेसलाइन किंवा प्रोग्रेसिव्ह अशा दोन प्रकारे साठवलेली असतात.

बेसलाइन जेपेग वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उलगडतं, थोडक्या मेमरीत भागतं. प्रोग्रेसिव्ह आधी धूसर आणि मग स्पष्ट होत जातं, त्यामुळे अख्ख्या चित्राची माहिती शेवटपर्यंत धरून ठेवावी लागते. स्वस्तातल्या स्टिरिओंना ते झेपत नाही. रॉकबॉक्स (प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेले जुने प्लेअरही कव्हरसाठी फक्त बेसलाइन वाचतात. आणि वेबवरून उतरवलेली बरीच कव्हरं प्रोग्रेसिव्हच असतात. एमपी३टॅग कव्हरखाली पिक्सेल, केबी सगळं दाखवतो, नेमकं हे सांगत नाही. इतक्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही उणीव फार खटकते.

उपाय फुकटातला आहे. इरफानव्ह्यू या चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडा, कंट्रोल-आर दाबून ६०० x ६०० करा, सेव्ह करताना प्रोग्रेसिव्हची टिक काढा, क्वालिटी ८५ ठेवा. मग एमपी३टॅगमध्ये अल्बमची सगळी गाणी निवडून जुनं कव्हर आधी काढा, नवं लावा, कंट्रोल-एस. जुनं न काढता लावलं तर एका फाइलमध्ये दोन चित्रं बसतात आणि बरेच प्लेअर पहिलंच दाखवतात. टॅग आयडी३ २.३ मध्येच लिहा (आयडी३ म्हणजे एमपी३मध्ये टॅग लिहायची पद्धत, २.३ ही तिची आवृत्ती), नंतरची २.४ बऱ्याच जुन्या स्टिरिओंना कळत नाही.

आधी माझं मत होतं की प्रत्येक गाण्यात चित्र भरणं म्हणजे जागेची नासाडी, फोल्डरमध्ये एक कव्हर.जेपीजी पुरे. ते आता बदललंय. सुटं गाणं पेनड्राइव्हवर टाकलं की फोल्डरमधलं चित्र मागेच राहतं. फक्त आकार आवरा: १९२ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं साधारण ७ एमबी, त्यात २ एमबीचं चित्र कशाला? १०० केबीच्या आसपास भागतं. मोठा स्कॅन फोल्डरमध्ये वेगळा ठेवा.

मराठी भावगीतं, नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटचं कव्हर कव्हर आर्ट आर्काइव्ह या कव्हरांच्या ऑनलाइन संग्रहावर क्वचितच सापडतं, स्कॅन करावंच लागतं. इनलेचा (कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाचा) पुढचा भाग साधारण ६५ x १०१ मिमी. ६०० डीपीआयला, डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी स्कॅनरची सोय) चालू ठेवून स्कॅन करा आणि मगच लहान करा, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटते. चौकोन करायला वरखाली कापू नका, गायकाचं नाव नेमकं तिथेच असतं. कडेच्या रंगाची पट्टी दोन्ही बाजूंना जोडा. एलपीचं कव्हर १२ इंचांहून थोडं मोठं, ए४ काचेवर मावत नाही. चार तुकड्यांत स्कॅन करून जोडण्यापेक्षा खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असं ठेवून, बरोबर वरून फोटो काढलेला बरा. लॅमिनेशन असेल तर फ्लॅश नकोच.

अनेक गायकांची कॅसेट असेल तर 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये सगळीकडे एकच मजकूर भरा. तो रकाना रिकामा राहिला की कितीतरी प्लेअर एकाच कॅसेटचे गायकागणिक वेगळे अल्बम करतात, आणि तेच कव्हर सात-आठ वेळा दिसत राहतं.